ख्रिस्ती नीतिशास्त्रातील तारतम्याचा वाद



आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींना नवल वाटले असेल. कामगारांच्या गेट-सभा घेणाऱ्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाई भत्त्यावर बोलावे. कॅथलिक धर्मपंडितांच्या आपसांतल्या वादात त्याने कशाला डोके घालावे? चालकांनीही आम्हांला हे भीत भीत विचारले. त्यांना सांगितले तेच आपल्यालाही सांगतो. नियम पाळावा की मोडावा, हा प्रश्न पंडितांपुढे पुस्तकात येतो. आमच्यापुढे तो महिन्यातून दोनदा येतो आणि सकाळची पाळी सुरू होण्याच्या आत त्याचे उत्तर द्यावे लागते. आमची शाळा दहावीपाशी संपली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, शब्दकोश उशाशी घेऊन. वसईकडच्या एका ख्रिस्ती सहकाऱ्याने पंधराएक वर्षांपूर्वी ह्या विषयावरचे एक जाडजूड पुस्तक आमच्या हाती दिले आणि म्हणाला, "दादा, हे वाचा. आपल्या कमिटीत जी भांडणे होतात तीच ह्यात लॅटिनमध्ये झाली आहेत." वाचल्यावर त्याचे म्हणणे पटले.

इंग्रजीत ह्या मताला प्रपोर्शनलिझम म्हणतात. कोणी त्याचे भाषांतर 'प्रमाणवाद' असे करतात. पण प्रमाण म्हटले की आमच्या शास्त्रीमंडळींना प्रत्यक्ष आणि अनुमान आठवते आणि गाडी भलत्याच स्टेशनात जाते. आम्ही 'तारतम्यवाद' म्हणणार आहोत. तारतम्य हा आपल्या घरातला शब्द आहे. सासूने सुनेला सांगितलेल्या नियमांतही ते असते आणि एस. टी.च्या कंडक्टरच्या वागण्यातही असते.

पंडितांकडे जाण्यापूर्वी कोळशाची एक गोष्ट सांगतो.

दुसरे महायुद्ध संपून दीड वर्ष झाले होते. जर्मनीतले कोलोन शहर बॉम्बहल्ल्यांनी जमीनदोस्त झालेले, वर इंग्रज सैन्याचा अंमल, आणि १९४६-४७ चा हिवाळा असा पडला की नद्या गोठल्या. घरात जाळायला कोळसा नाही. कोळशाच्या मालगाड्या मात्र डोळ्यांदेखत रुळांवरून जात. माणसे, विशेषतः बायका आणि पोरे, गाडी सिग्नलला थांबली की वाघिणींवर चढून कोळशाच्या विटा खाली ढकलीत. ही सरळ सरळ चोरी होती, आणि हे लोक देवाला भिणारे होते. रविवारी चर्चमध्ये जायचे, आणि घरी शेगडीत चोरीचा कोळसा. अशा वेळी ३१ डिसेंबर १९४६ रोजी, वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी, तेथील आर्चबिशप कार्डिनल योझेफ फ्रिंग्स ह्यांनी रील भागातल्या संत एन्गेलबर्टच्या चर्चमध्ये प्रवचन केले. चोरी करू नये ह्या आज्ञेपाशी आल्यावर ते म्हणाले, त्याचा आशय असा की, आपण अशा काळात जगत आहोत की प्राण आणि प्रकृती राखण्यासाठी जे लागते ते काम करून किंवा मागून मिळतच नसेल, तर माणसाने ते घ्यावयास हरकत नाही. बातमी वाऱ्यासारखी पसरली. कोळसा चोरण्याला लोकांनी त्या कार्डिनलच्याच आडनावावरून 'फ्रिंग्जेन' असे क्रियापद बनविले, आणि ते पुढे जर्मन शब्दकोशात जाऊन बसले. "आज रात्री फ्रिंग्जेनला येतोस का?" असे शेजारी शेजाऱ्याला विचारू लागले असतील!

पण त्याच प्रवचनात लगेच पुढचे वाक्य होते, आणि ते लोक विसरले. कार्डिनल म्हणाले होते की पुष्कळ ठिकाणी ही मर्यादा फार ओलांडली गेली आहे असे मला वाटते, आणि तेथे घेतलेली वस्तू परत करण्यावाचून दुसरा मार्ग नाही. तोवर देवाकडून क्षमा नाही. पहिल्या वाक्याचे क्रियापद झाले, दुसऱ्याचे झाले नाही. लोकभाषा ही अशी आहे. सवलत तिच्या लक्षात राहते, सवलतीची अट राहत नाही.

कार्डिनलने हे मनचे काढले नव्हते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनसने आपल्या महाग्रंथात हेच लिहून ठेवले आहे की, गरज अगदी निकराची आणि उघड असेल तेव्हा दुसऱ्याचे घेणे ही चोरी नव्हेच, कारण पृथ्वीवरच्या वस्तू मुळात सर्वांच्या निर्वाहासाठी आहेत. १९६५ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही आपल्या एका दस्तऐवजात हा हक्क मान्य केला. आता येथे एक खोच आहे, तिच्याकडे लक्ष द्यावे. थॉमस "अशा वेळी चोरी चालेल" असे म्हणत नाही. तो म्हणतो, "ही चोरी नाही." नियम जागच्या जागी राहतो, बदलते ते कृतीचे नाव. वकीलमंडळींना ही युक्ती परिचयाची असेल. नाव बदलण्याचा हा अधिकार कोणाचा, ह्या प्रश्नापाशी आम्ही पुढे येऊच.

चोरीपेक्षा खोटे बोलण्याचा प्रश्न अधिक अवघड गेला. संत ऑगस्टीनने असत्यावर दोन ग्रंथ लिहिले आणि दोन्हींत एकच निकाल दिला: खोटे कधीच नाही, कोणाचा जीव वाचविण्यासाठीही नाही. आपल्याला लगेच कर्णपर्वातला कौशिक ब्राह्मण आठवेल. पळालेली माणसे कोठे लपली असे दरोडेखोरांनी विचारले, त्याने सत्यव्रत म्हणून खरे सांगितले, माणसे मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला. श्रीकृष्णाने ही गोष्ट अर्जुनाला सांगितली. ऑगस्टीनपाशीही अशीच एक गोष्ट आहे. तिचा नायक मात्र वेगळा वागतो. थागास्ते गावचा फर्मस नावाचा बिशप. त्याने एका माणसाला आसरा दिला होता, आणि बादशहाचे शिपाई त्याला शोधीत आले. फर्मस म्हणाला, मी खोटे बोलणार नाही आणि तो कोठे आहे हेही सांगणार नाही. त्याचे हालहाल केले तरी तो बोलला नाही. शेवटी बादशहाच वरमला आणि लपलेल्या माणसालाही माफी मिळाली. शेवट गोड झाला म्हणून ही गोष्ट आम्हांला आवडते असे नव्हे. कौशिकाच्या सत्याची किंमत वाटसरूंनी दिली. फर्मसच्या सत्याची किंमत फर्मसने स्वतःच्या अंगावर घेतली. दोघेही नियम पाळणारेच. दोघांमधला हा फरक आज आपण शेवटपर्यंत ध्यानात ठेवावा, एवढी विनंती.

लोकमान्यांचे गीतारहस्य ज्यांनी वाचले आहे त्यांना 'कर्मजिज्ञासा' हे प्रकरण आठवत असेल. सत्य आणि अहिंसा ह्यांना अपवाद केव्हा, ह्याची जी चर्चा तेथे आहे तिच्यात टिळकांनी सेंट पॉललाही साक्षीला बोलाविले आहे. माझ्या असत्याने देवाच्या सत्याचा महिमा वाढत असेल तर मी पापी कसा, अशा अर्थाचे रोमकरांस पत्रातल्या तिसऱ्या अध्यायाचे सातवे वचन ते देतात. लोकमान्यांच्या व्यासंगापुढे आम्ही कोण? पण पॉलचे आठवे वचन वाचले की चित्र पालटते. तेथे पॉल म्हणतो की, बरे घडावे म्हणून वाईट करू या असे आम्ही शिकवितो, ही आमच्यावर रचलेली निंदा आहे, आणि तसे म्हणणाऱ्यांना मिळणारी शिक्षा योग्यच आहे. म्हणजे सातव्यातला प्रश्न पॉलचा सिद्धान्त नव्हे, तो पूर्वपक्ष आहे. आणि गंमत अशी की ख्रिस्ती जगतात तारतम्यवाद्यांना खोडून काढताना प्रत्येक वेळी हेच आठवे वचन पुढे केले गेले आहे. एकाच पानावरची दोन लागोपाठची वाक्ये. एक मंडालेच्या तुरुंगात कामास आले, दुसरे रोमच्या सिंहासनावर.

आता मुख्य वादाकडे येतो. कृतीला दोन परिणाम असतात, एक चांगला, एक वाईट. तेव्हा काय करावे? थॉमसने स्वसंरक्षणाच्या संदर्भात ह्याचा पाया घातला: हल्लेखोराला मारण्याचा हेतू नसून स्वतःचा जीव वाचविण्याचा हेतू असेल तर दोष नाही, मात्र गरजेपेक्षा अधिक बळ वापरले तर दोष आहे. एकोणिसाव्या शतकात गुरी नावाच्या फ्रेंच जेझुइटाने १८५० च्या आपल्या पाठ्यपुस्तकात त्याच्या चार अटी बांधून दिल्या. कृती मुळात वाईट नसावी; वाईट परिणामाचा हेतू नसावा; वाईटाच्या द्वारा चांगले साधलेले नसावे; आणि वाईट सोसण्याइतके वजनदार कारण असावे. पुढची शंभर वर्षे धर्मगुरूंच्या शाळांतून ह्या अटी घोकल्या गेल्या.

घोकणाऱ्यांना त्यांचा काच कोठे होतो हे एका उदाहरणाने कळेल. कधी कधी गर्भ गर्भाशयात न राहता नळीत राहतो. तो वाचणे शक्य नसते, आणि नळी फुटली तर आईही जाते. जुन्या पद्धतीचे पंडित म्हणत, डॉक्टरने गर्भासकट अख्खी नळी काढली तर चालेल, कारण तो दुखावलेला अवयव काढतो आणि गर्भाचा मृत्यू हा अनुषंगाने होतो. पण नळी शाबूत ठेवून आतला गर्भ तेवढा काढला तर ती प्रत्यक्ष हत्या, म्हणून निषिद्ध. गर्भ दोन्हीकडे जातो. पहिल्या रीतीत बाईची पुढे मूल होण्याची आशा कमी होऊ शकते, दुसरीत ती राहण्याचा संभव असतो. नियमाचा कागद स्वच्छ राहावा म्हणून बाईच्या शरीराचा जादा तुकडा कापायचा! कोणा सुईणीला विचारले असते तर तिने कपाळाला हात लावला असता.

१९६५ साली पीटर क्नाउअर ह्या जर्मन जेझुइटाने एका लेखात ह्या चार अटींची घडी उलगडली. तो म्हणाला, खरी अट एकच, चौथी. कारण वजनदार आहे की नाही हीच. पुढच्या आठदहा वर्षांत लूवेनचे यान्सेन्स, रोमचे योझेफ फुक्स, जर्मनीतले शूलर, अमेरिकेतले रिचर्ड मॅकॉर्मिक असे एकेक पंडित ह्या वाटेने गेले. त्यांनी इजा आणि पाप ह्यांत भेद केला. शस्त्रवैद्य पाय कापतो ही इजा आहे, पण पाप नाही. कोणतीही इजा, मग ती मृत्यूची असो वा असत्याची, तोलामोलाच्या कारणावाचून घडविली तरच ती पाप होते. म्हणून हेतू आणि परिस्थिती न पाहता, नुसते कृतीचे बाह्य रूप पाहून तिला सदासर्वकाळ निषिद्ध म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या जोसेफ फ्लेचर ह्या प्रॉटेस्टंट गृहस्थांनी १९६६ मध्ये ह्याच्याही पुढे उडी मारून, प्रेम हाच एक नियम, बाकी सारे परिस्थितीप्रमाणे, असे पुस्तक लिहिले होते. तारतम्यवादी तेवढे सैल नव्हते. मॅकॉर्मिकने १९७३ मध्ये तीन कसोट्या सांगितल्या: जे वाचवायचे ते निदान गमवायच्या इतके मोलाचे असावे, त्याहून कमी इजेचा दुसरा मार्ग ह्या घडीला नसावा, आणि वाचविण्याच्या रीतीने, जे वाचवायचे तेच पुढे जाऊन कमकुवत होऊ नये. ही तिसरी कसोटी आम्हांला सर्वांत मोलाची वाटते. तिचे बी क्नाउअरच्या लेखात आहे.

ती आमच्या कामास कशी आली ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी कंत्राटी सफाई कामगारांचा चार महिन्यांचा पगार थकला होता. अत्यावश्यक सेवेचा कायदा लावून संपावर बंदी घातली होती. आमच्या कमिटीत एका तरुण सभासदाने तोड काढली: सोमवारी सगळ्यांनी एकदम आजारी पडायचे. एक डॉक्टर ओळखीचा होता, मागतील तितके दाखले देणार होता. कोणी तरी म्हणाले, हे खोटे आहे. तो तरुण उसळून म्हणाला, "दादा, चार महिने पगार बुडविणाऱ्यापुढे आम्ही हरिश्चंद्र व्हायचे का?" प्रश्न चोख होता. पहिल्या कसोटीला तो उतरत होता. चार महिन्यांची भाकरी एका खोट्या कागदाहून जड आहे. दुसऱ्या कसोटीला अडखळत होता. काळ्या फिती झाल्या होत्या, कामगार आयुक्तांकडे अर्ज झाला होता, पण काही गोष्टी करावयाच्या राहिल्या होत्या. निकाल लावला तिसरीने, आणि तो आम्ही लावला नाही. क्षयातून उठलेला एक म्हातारा सफाई कामगार कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "आज तुम्ही खोटे दाखले द्या. उद्या मला रक्त पडेल तेव्हा माझ्या खऱ्या दाखल्याला साहेब काय म्हणेल?" त्याने मॅकॉर्मिक वाचला नव्हता.

आजारी कामगाराचा दाखला हे गरिबाचे फार मोठे संरक्षण आहे, आणि ते आम्हीच पोखरायला निघालो होतो. शेवटी सर्वांनी एकाच दिवशी रजेचा अर्ज दिला आणि कारणाच्या रकान्यात थकलेल्या पगाराची मागणी असे स्वच्छ लिहिले. त्या दिवसाचा पगार कापला गेला, दोघांना आरोपपत्र मिळाले, आणि थकबाकी दोन हप्त्यांत निघाली. कायदा मोडला का? मोडला. लपवून मात्र मोडला नाही, आणि त्याची किंमत ज्यांनी मोडला त्यांनी भरली.

रोममध्ये ह्या वादाला धार आली ती संततिनियमनावरून. पोपने नेमलेल्या आयोगाच्या बहुमताने १९६६ मध्ये सवलतीच्या बाजूने कौल दिला. योझेफ फुक्स त्या आयोगात होते. ते आधी जुन्या मताचे होते. विवाहित जोडप्यांचे अनुभव तेथे कानांनी ऐकल्यावर त्यांचे मत फिरले. ज्यांच्या पाठीवर नियमाचे ओझे असते त्यांना एकदा खोलीत बोलावले की असे होते, हा आमचाही अनुभव आहे; म्हणूनच मालकलोक वाटाघाटीला कामगार नकोत, पुढारी तेवढे या, असे म्हणतात. २५ जुलै १९६८ रोजी पोप सहावे पॉल ह्यांनी बहुमत बाजूला सारून निषेध कायम ठेवला. त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठात चार्ल्स करन ह्या प्राध्यापक धर्मगुरूचे प्रकरण गाजत होते. १९६७ च्या एप्रिलमध्ये विश्वस्तांनी त्यांचा करार पुढे न चालविण्याचे ठरविले, तेव्हा विद्यार्थी आणि अध्यापक ह्यांनी वर्ग बंद पाडले आणि काही दिवसांतच विश्वस्तांना माघार घ्यावी लागली. धर्मशास्त्राच्या इतिहासात यशस्वी संप क्वचितच सापडतो, म्हणून आम्ही मुद्दाम सांगितला. पुढे १९८६ मध्ये रोमनेच त्यांना कॅथलिक धर्मशास्त्र शिकविण्यास अपात्र ठरविले, ती गोष्ट निराळी.

तारतम्यवादावर आक्षेप पुष्कळ आहेत. एक असा की परिणामांचे गणित माणसाला करताच येत नाही. ह्यावर आम्ही हसू शकत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले त्यांत आमचे वडील होते, साच्यावर कामाला. आम्ही तेव्हा शाळेत. त्या सकाळी तराजू धरून कोणी सांगू शकले असते का की एका पारड्यात काय पडेल आणि दुसऱ्यात काय? जे पुढे म्हणाले, आम्हांला हे ठाऊकच होते, त्यांच्यावर आमचा विश्वास नाही. निकालावरून नीती ठरवायची तर जिंकलेला प्रत्येक संप धर्म्य आणि हरलेला प्रत्येक संप अधर्म्य होईल. तारतम्यवादी ह्याला उत्तर देतात की, त्या घडीला प्रामाणिकपणे जेवढे दिसते तेवढेच तोलावे. उत्तर ठीक आहे. फार समाधान करणारे नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. अमेरिकेचे जर्मेन ग्रिसेझ आणि ऑक्सफर्डचे जॉन फिनिस ह्यांनी विचारले, तोलायचे कशाने? जीव, सत्य, मैत्री ह्यांना समान माप आहे का? शेर आणि गज ह्यांची बेरीज कशी करणार? पंडितांना हा प्रश्न सुटत नसेल, कायद्याने तो केव्हाच सोडविला होता! १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचा दरपत्रकच दिला गेला: आंगठा गेला तर कमाईची शक्ती तीस टक्के गेली, तर्जनी पूर्ण गेली तर चौदा, करंगळी सात. आम्ही ह्या आकड्यांवर वर्षानुवर्षे दावे चालविले आणि त्यांतून विधवांना पैसे मिळवून दिले. तेव्हा मोजमाप अशक्य आहे असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? पण हेही पाहा. आंगठा गेल्यावर त्याचे तीस टक्के देणे हा न्याय आहे. तीस टक्के देतो, तुझा आंगठा जाऊ दे, असे आधी म्हणणे हा निराळाच व्यवहार आहे. मशीनची जाळी काढली की उत्पादन वाढते, ती काढताना कोणी तरी हेच गणित मनात केलेले असते. आकडे तेच, तराजूही तोच. मात्र एका वेळी तो नुकसान भरून काढण्यासाठी हातात घेतलेला असतो आणि दुसऱ्या वेळी नुकसान करण्याची परवानगी म्हणून. तारतम्यवाद्यांच्या पुस्तकांतून हा भेद आम्हांला हवा तितका ठसठशीत आढळला नाही. त्यांचा तोलणारा माणूस नेहमी एकटा, सज्जन आणि निःस्वार्थी असतो. आमच्या अनुभवातला तोलणारा बहुधा एका पारड्यात स्वतः बसलेला असतो.

६ ऑगस्ट १९९३ रोजी पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी परिपत्रक काढून तारतम्यवाद नाव घेऊन फेटाळला. काही कृती स्वभावतःच वाईट आहेत, त्यांना कोणताही हेतू आणि कोणतीही परिस्थिती चांगले करू शकत नाही, हे त्याचे सार. मॅकॉर्मिक ह्यांनी तक्रार केली की आमचे म्हणणे विकृत करून मांडले आहे, चांगल्या साध्यासाठी वाईट साधन चालेल असे आमच्यातला कोणीच म्हणत नाही; आणि त्या तक्रारीत तथ्य आहे. ह्या परिपत्रकाबद्दल वर्तमानपत्रांत जे आले ते गर्भपात आणि संततिनियमन ह्यांपुरतेच आले. परंतु स्वभावतः वाईट अशा कृतींची जी यादी त्यात १९६५ च्या परिषदेच्या दस्तऐवजातून उतरून घेतली आहे, ती आम्ही बोट ठेवून वाचली. नरसंहार, छळ, गुलामगिरी, स्त्रियांचा आणि मुलांचा व्यापार ह्यांच्याच पंक्तीला तेथे कामाची हीन स्थिती आहे. माणसाला स्वतंत्र माणूस न मानता नफ्याचे निव्वळ हत्यार मानणारी. हेही तोलायचे नाही. कोणतेही कारण चालणार नाही.

तारतम्यवादी ह्यावर म्हणेल, 'हीन' हा शब्द वापरलात तेथेच तुम्ही तोलून मोकळे झालात. खून वाईट हे म्हणणे सोपे, कारण अन्याय्य मारण्यालाच आपण खून म्हणतो. मुद्दा बरोबर आहे, आणि थॉमसच्या 'ही चोरी नाही' ह्या वाक्याची ती दुसरी बाजू आहे. नाव ठेवण्यातच निवाडा होतो. पण म्हणूनच, नाव कोण ठेवतो ह्याला महत्त्व आहे. कारखान्यात बोट तुटते तेव्हा व्यवस्थापनाच्या वहीत 'कामगाराचा निष्काळजीपणा' असे लिहिले जाते. कोलोनच्या बायकांच्या कृत्याला कार्डिनलने 'चोरी नव्हे' म्हटले, ते त्या गोठत होत्या तेथेच, त्याच शहरात उभे राहून म्हटले. कोळशाच्या खाणमालकाने म्हटले नाही.

१९९३ हे साल आमच्या ध्यानात आणखी एका कारणाने राहिले. त्याच वर्षी आपल्या देशात हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध पहिला केंद्रीय कायदा झाला. दुसरा, अधिक कडक, २०१३ मध्ये झाला. गटारात मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, २०२३ मध्ये त्याचे तीस लाख झाले. आंगठ्याचेच गणित, मोठ्या आकड्यात. ते पैसे मिळालेच पाहिजेत आणि आम्ही त्यासाठी भांडतोही. पण माणूस गटारात उतरविणारा मुकादम जेव्हा सांगतो, "पाच मिनिटांचे काम आहे, सगळी वस्ती तुंबली आहे, तुम्हीच विचार करा," तेव्हा तो अगदी शुद्ध तारतम्यवाद बोलत असतो. एका पारड्यात हजार घरे, दुसऱ्यात एक माणूस आणि पाच मिनिटे. अशा वेळी आम्ही पोपच्या बाजूचे आहोत. येथे तराजू काढायचाच नाही. आणि कोलोनच्या रुळांवर आम्ही थॉमसच्या आणि कार्डिनलच्या बाजूचे आहोत. ह्यात विसंगती आहे असे आमच्या वसईच्या मित्राला वाटते. आम्हांला वाटत नाही. रुळांवर तोलणारा गोठत होता. गटाराच्या तोंडाशी तोलणारा वर उभा आहे.

एक प्रश्न उरतो. कारण वजनदार होते, दुसरा मार्ग नव्हता, नियम मोडला. पुढे काय? तारतम्यवादी म्हणतो, पाप झाले नाही, इजा झाली त्याचे वाईट वाटावे. डीट्रिख बॉनहोफर हा जर्मन प्रॉटेस्टंट धर्मगुरू असे म्हणत नाही. हिटलरविरुद्धच्या कटात तो सामील होता; खोटे बोलणे, फसविणे, शेवटी एका माणसाला मारण्याची तयारी, हे सारे त्याने पत्करले. त्याच सुमारास लिहिलेल्या आणि अपुऱ्या राहिलेल्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात त्याने मांडले आहे की, जबाबदारीने नियम मोडणारा मनुष्य निर्दोष ठरत नाही. तो दोष स्वतःवर घेतो, नियमाचा मान राखूनच तो मोडतो. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छावणीत त्याला फाशी दिले. ग्रंथ १९४९ मध्ये त्याच्या मित्राने छापला.

आम्ही धर्मपंडित नाही, तेव्हा पाप की इजा हा निवाडा आमच्याकडे नाही. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात संप टाळता येत नसेल, किंवा निदान त्यातून होणाऱ्या लाभाच्या मानाने तो आवश्यक असेल, तर तो नीतीला धरून आहे असे म्हटले आहे. मानाने म्हणजे तारतम्यानेच. ज्याला दाराने हाकलले तो खिडकीतून आत आला. आम्ही मात्र बॉनहोफर वाचल्यापासून एक रीत पाडली आहे. संपाचा ठराव मंजूर झाला की त्याच्याखाली इतिवृत्तात आणखी एक परिच्छेद लिहून घेतो: ह्या संपाने कोणाचे काय नुकसान होणार आहे. रुग्णालयाचा संप असेल तर कोणत्या वॉर्डातल्या रोग्यांची कोणती सेवा थांबेल, अपघात विभागात आपली किती माणसे ठेवली, आपल्यापैकी रोजंदारीवाल्यांच्या घरी किती दिवसांचे धान्य आहे. मग ज्यांनी हात वर केले त्यांनी त्याखाली सह्या करायच्या. पहिल्या वेळी सभासद कुरकुरले, दोघांनी सही न करता हात खाली घेतला. आमच्या वकिलांनाही हे मुळीच पसंत नाही. ते म्हणतात, मालकाच्या हाती तुम्ही आयता पुरावा देता. औद्योगिक न्यायालयात एकदा मालकाच्या वकिलाने तो परिच्छेद खरोखरच मोठ्याने वाचून दाखविला. वाचून झाल्यावर न्यायाधीशांनी त्यांना विचारले, "पगार थांबविण्यापूर्वी तुम्ही असा काही कागद केला होता का?"